मंगळवेढ्याची मालदांडी : तीन हंगामांच्या वापरानंतर

पोत्याची शिवण उसवली की पहिली मूठ मी तोंडाजवळ नेते आणि चार दाणे दाताखाली धरते. दाणा कट्‌कन तुटला, आत पांढरंशुभ्र पीठ दिसलं आणि जिभेवर किंचित गोडी आली, की माल यंदाचा. चव मातकट लागली की जुना. गेले तीन हंगाम मंगळवेढ्याजवळच्या एका गावातून, शेतकऱ्यांच्या एका गटाकडून माझ्याकडे मालदांडी ज्वारी येतेय. आजवर दोनच पोती परत करावी लागली. त्यांचं पुढे सांगते.

पुण्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे, एकोणीस वर्षांचं. माहेर बार्शीकडचं, त्यामुळे भाकरी थापायला मला कुणी वेगळं शिकवलं नाही. तरी सुरुवातीची बरीच वर्षं मी फक्त पोळ्याच विकल्या, कारण गिऱ्हाईक पोळीच मागायचं. भाकरी सुरू केली ती चार वर्षांपूर्वी, आधी सोमवार-गुरुवार आणि आता रोज. दिवसाला साठेक भाकऱ्या जातात. एक किलो पिठात माझ्या मापाच्या अकरा भाकऱ्या होतात. म्हणजे रोजचं साडेपाच किलो पीठ आणि महिन्याला पन्नास किलोची तीनेक पोती. एवढा माल हाताखालून गेल्यावर त्याच्याबद्दल चार शब्द लिहायला हरकत नाही.

सुरुवातीला माझी चूक झाली होती. वेळ वाचेल म्हणून मी ऑनलाइन तयार पीठ मागवलं. देखणी पिशवी, वर ज्वारीच्या कणसाचं चित्र. पीठ परातीत घेतलं, गरम पाणी घातलं, मळलं आणि थापायला घेतलं तर कडा फाटायला लागल्या. उचलायला गेलं की भाकरी हातातच तुटायची. आमच्याकडच्या मावशींनी चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "विरी गेलीय याची." ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. ताज्या पिठात जी थोडी धरून ठेवायची ताकद असते, तिलाच आपण विरी म्हणतो. दळून महिना-दोन महिने झालेल्या पिठात ती उरत नाही, वर कडवट वासही येतो. म्हणून सांगते, ज्वारी घ्यायची ती दाण्यातच घ्या आणि आठवड्यापुरतीच दळून आणा. भाकरी जमत नाही म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी घरांत हाताचा दोष नव्हताच, पीठ जुनं होतं.

मालदांडीचं पीठ हाताला वेगळं लागतं. आम्ही निम्म्या पिठाला उकळतं पाणी घालून झाकून ठेवतो आणि पाच मिनिटांनी उरलेलं पीठ घालून तळहाताच्या टाचेने रगडतो. गोळा मऊ होतो पण सैल पडत नाही. परातीत थापताना कड पातळ होत जाते, तरी भेग पडत नाही. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची आणि मग जाळावर धरायची. पापुद्रा अख्खा सुटतो, चेंडूसारखी फुगते. मुख्य म्हणजे डब्यात चार-पाच तास राहिली तरी वातड होत नाही. माझी बरीच गिऱ्हाइकं सकाळी नेलेली भाकरी दुपारी दोनला खातात, त्यामुळे माझ्या लेखी हीच खरी परीक्षा. संध्याकाळी उरल्याच तर मी त्या कडक भाजून ठेवते. सोलापूरच्या कडक भाकरीसारख्या त्या पुढे कितीतरी दिवस टिकतात आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर हातोहात जातात. पोळ्या उरल्या तर त्यांचं काय करायचं हा प्रश्न पडतो, भाकरीच्या बाबतीत तो पडत नाही.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत मी गावाला जाऊन आले. माल कुठून येतो ते डोळ्यांनी बघायचं होतं. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. दुष्काळात बिदरच्या बादशहाची धान्यकोठारं भुकेल्या माणसांसाठी उघडी करणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे या भागाचाच खास माल असल्याचा सरकारी शिक्का. पण त्या शिक्क्यापेक्षा मला जमिनीने जास्त सांगितलं. काळीभोर, खोल जमीन. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, पाणी पोटात मुरू द्यायचं आणि परतीच्या पावसावर, हस्त नक्षत्राच्या आसपास पेरायचं. त्यानंतर बहुतेक रानांना पाणी नाहीच. मुरलेली ओल आणि थंडी, यांवरच पीक उभं राहतं. गटाचे अण्णा मला वाकून भेगा दाखवत होते. "ताई, ही भेग उघडी राहिली की ओल उडाली. म्हणून कोळपायचं, वरची माती हलवून भेग बुजवायची. एक कोळपणी म्हंजे अर्धं पाणी." मधूनमधून करडईच्या ओळी होत्या. एकाच रानातून भाकरीचं पीठ, फोडणीचं तेल आणि जनावरांचा कडबा. गव्हाला आपल्याकडे पाच-सहा पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात. ऊस वर्ष-दीड वर्ष पाणी पीत उभा असतो. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात एवढा ऊस पाहिला की या कोरड्या रानातल्या टपोऱ्या कणसांचं मोल कळतं.

मालदांडी हे जुनं वाण. गावरान मालदांडीतून निवड करून मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्राने जी ‘एम ३५-१’ काढली, तीच आजही शेतकरी धरून आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले रेवती, फुले वसुधा ही वाणं आली आहेत आणि चांगल्या जमिनीत ती जास्त उतारा देतात. गटातले दोघेजण ती लावतात आणि पोत्यावर तसं लिहून पाठवतात. लपवाछपवी नाही, ही गोष्ट मला फार आवडली. रेवतीची भाकरी चांगलीच होते, पण डब्यातल्या भाकरीसाठी मी मालदांडीच घेते.

माझ्या आईने १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. तेव्हा अमेरिकेहून लाल ज्वारी आली होती, मिलो. तिथे ती जनावरांना घालतात. आपल्याकडे खडी फोडून आलेल्या बायका त्या मिलोच्या लालसर, बेचव भाकऱ्या पोरांना भरवत होत्या. आई आजही मिलोचं नाव काढलं की डोळे मिटते. त्यानंतर हायब्रीड आली, उतारा वाढला, भूक भागली, हे खरंच आहे आणि त्याचा मान राखायलाच हवा. पण पावसात सापडून काळी पडलेली हायब्रीडची ज्वारी आणि तिची भाकरी खाऊन एक पिढी ज्वारीपासूनच दुरावली. रेशनवर गहू-तांदूळ मिळायला लागले आणि पोळी ही बऱ्या घराची खूण ठरली. अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून भरड धान्याचीही तरतूद आहे, पण माझ्याकडे कामाला येणाऱ्या चौघींपैकी एकीलाही रेशनवर वर्षभर ज्वारी मिळालेली नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा दुकानांत ज्वारीची बिस्किटं, कुरकुरे आले. पाकिटात ज्वारी किती आणि मैदा-साखर किती, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात वाचा. त्याच पैशात दोन-तीन किलो दाणा येतो.

आता भाव. यंदा मला घरपोच ५८ रुपये किलो पडली. दळण धरून एका भाकरीचं धान्य साधारण सहा रुपयांचं. बाजारात याहून स्वस्त ज्वारी मिळते, पण त्यात मिसळ असते आणि निवडायला माझ्या मावशींचा अर्धा दिवस जातो. ५८ रुपये जास्त वाटत असतील त्यांनी काढणी बघावी. शाळू, म्हणजे ही रब्बीची ज्वारी, कापत नाहीत, मुळासकट उपटतात. फेब्रुवारीच्या शेवटी, उन्हात, कमरेत वाकून, एकेक धाट दोन्ही हातांनी ओढून काढायचं. तिथल्या एका बाईने मला तळहात दाखवले होते, बोटांच्या मुळाशी घट्टे आणि त्यांवर पानांच्या धारेने पडलेले बारीक चिरे. उपटायला माणसं मिळत नाहीत म्हणून ज्वारी सोडलेली घरं त्या गावात मी मोजली, चार होती. पाऊस चांगला झाला तर जिरायती रानात एकरी पाच क्विंटल, नाहीतर तिनावर समाधान मानायचं. २०२४-२५ साठी केंद्राने मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये ठरवला आणि हायब्रीडचा ३,३७१. पन्नास रुपयांचा फरक. एवढ्या कष्टाच्या, एवढ्या कमी पाण्यावर येणाऱ्या धान्याला किलोमागे पन्नास पैसे जास्त, हे मला मान्य नाही. शहरात खाणाऱ्यांनी थेट घेतलं तरच त्या माणसाला पुढच्या वर्षी पेरावंसं वाटेल.

तक्रारी आहेत. मागच्या जुलैमध्ये ज्या वाहतूकवाल्याकडून माल आला, त्याने ताडपत्री नीट बांधली नव्हती. दोन पोती खालून भिजली आणि आत कुबट वास धरला. वाहतूकवाल्याने हात वर केले. गटाने ती दोन्ही पोती बदलून दिली, पण बारा दिवसांनी. तेवढे दिवस मला बाजारातली ज्वारी घ्यावी लागली आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांनी "आज भाकरी नेहमीची नाही" असं सांगितलं. आता मी पावसाळ्याचा माल मे महिन्यातच भरून घेते. दुसरं, मालाला चाळणी नसते. किलोमागे एखाददुसरा खडा आणि थोडी बोंडं निघतातच. घरी घेणाऱ्यांनी निवडल्याशिवाय गिरणीत नेऊ नये. तिसरं, औषध मारलेलं नसल्याने पोरकिडे लवकर होतात. आल्याबरोबर दोन कडक उन्हं द्या, पूर्ण गार झाल्यावर कोठीत भरा आणि मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. माझ्याकडे यावर सहा महिने टिकते, पुढे भुंगा लागतो. चौथं म्हणजे त्यांच्याकडे ५० किलोचं पोतंच मिळतं, छोटी पिशवी नाही. दोघांच्या घराला हे जड जातं. आमच्या सोसायटीत पाच घरांनी मिळून एक पोतं घेतलं, दहा-दहा किलो वाटून घेतलं आणि गिरणीवालाही खूश आहे, कारण ज्वारीला वेगळा दिवस ठरवल्याने जात्यात गहू मिसळत नाही. गव्हाचं पथ्य असणाऱ्यांनी हे आवर्जून विचारावं, नाहीतर ज्वारीच्या पिठात गहू येतोच.

पोळी बंद करा असं मी कुणालाही सांगत नाही, माझ्याकडेही ती रोज होते. पण माझ्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांनी आठवड्यातून चार जेवणं भाकरीवर आणली, ती त्यांना जमली. मुलं सुरुवातीला तोंड वाकडं करतात. त्यांना पहिल्या दिवशी गरम भाकरीवर तूप-गूळ द्या, दुसऱ्या दिवशी कुस्करून दुधात. पिठलं, वांग्याचं भरीत, मेथी-डाळ यांच्याबरोबर मग आपोआप खातात. माझ्याकडे डबा लावलेला एक कॉलेजचा मुलगा आहे, मूळचा बिहारचा. तो आता पोळीच्या जागी दोन भाकऱ्या आणि ठेचा मागतो.

गटाची नोंदणी संक्रांतीनंतर सुरू होते. चौथाई पैसे आधी द्यावे लागतात आणि माल मार्चअखेरपासून निघतो. परवा अण्णांचा फोन आला होता. "औंदा थंडी धरलीय, दाणा टपोरा भरतोय, किती धरू तुमचं?" मी मार्चसाठी सहा पोती सांगितली आणि पावसाळ्यासाठी मेमध्ये आणखी बारा. या वेळी वाहतूक माझ्या ओळखीच्या टेम्पोने होईल, ताडपत्री मी स्वतः बघून घेणार आहे.