बाविसाव्या मिनिटाला थांबलेला शुद्ध कल्याण : छोटा एमपी-थ्री प्लेअर, अकरा महिन्यांच्या वापरानंतर

तीन आठवड्यांपूर्वी प्लेअर पर्समधून काढला तर मागचं झाकण एका बाजूनं वर आलेलं. बॅटरी फुगली होती. वॉरंटी संपायला महिना बाकी होता. त्यानंतर सेवाकेंद्राच्या तीन खेपा झाल्या, आणि त्या रागातच हे लिहायला घेतलं आहे. पण माझी या प्लेअरबद्दलची सर्वांत मोठी तक्रार बॅटरीची नाही, म्हणून आधी ती सांगते.

मी डोंबिवलीला राहते, नोकरी ठाण्यात. स्लो गाडीनं कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत बावीस-तेवीस मिनिटं लागतात. प्लेअर घेतला तो अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या कॅसेटींसाठी. त्यांनी रेडिओवरून भरलेल्या चौतीस कॅसेटी आहेत, सगळ्या नव्वद मिनिटांच्या. बहुतेक शनिवारी रात्रीच्या संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमातल्या. घरात टू-इन-वन यायच्या आधीच्या काही तर रेडिओसमोर रेकॉर्डर ठेवून भरलेल्या. भाच्याच्या लॅपटॉपला वायर जोडून मी त्या उतरवून घेतल्या. कॅसेट वाजते तितकाच वेळ लागतो, घाई करता येत नाही. अडुसष्ट बाजू, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे ५१ तास. तीन महिने जवळजवळ रोज संध्याकाळी एक-एक बाजू लावून मी स्वयंपाकाला लागायची.

मीडियम वेव्हचं रेडिओचं गाणं मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज, म्हणून ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनोच ठेवलं. एक बाजू २२ एमबीच्या आत बसते, सगळ्या कॅसेटी मिळून दीड जीबी. १२८ जीबीचं कार्ड चालतं असं खोक्यावर ठळक छापलंय, त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. जुन्या फोनमधलं ४ जीबीचं कार्ड घातलं, पैसे वाचले. प्लेअर २,१९० रुपयांना पडला. फोनवर का नाही ऐकत, हे ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, गाणं रंगात आलं की कर्जवाल्यांचे फोन येतात, आणि माझ्या नव्या फोनला इअरफोनचं भोकच नाही.

आता मुख्य तक्रार. या प्लेअरला आपण कुठे थांबलो ते आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण फक्त चालू असेपर्यंत. पॉज करून तीन मिनिटं झाली की बॅटरी वाचवायला तो आपोआप बंद होतो, आणि परत चालू केला की गाणं पहिल्यापासून.

तीन-चार मिनिटांच्या गाण्यांना हे चालतं. पण माझ्या गाडीचा प्रवास बावीस मिनिटांचा आणि कॅसेटची बाजू पंचेचाळीसची. त्यात अण्णांची शिस्त अशी की सकाळचा राग सकाळी आणि रात्रीचा रात्री. मीही तेच पाळते. सकाळी जाताना तोडी, येताना किराणा घराण्याच्या गायिका गंगूबाई हनगलांचा शुद्ध कल्याण. त्यामुळे शुद्ध कल्याणचा राहिलेला अर्धा भाग दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच ऐकायचा. किराणा घराण्याची बढत म्हणजे एकेका स्वरावर मुक्काम, विलंबित एकतालाचं एक आवर्तनच, म्हणजे तालाचा एक फेराच, मिनिटभर चालतं. गाडी डोंबिवलीत शिरायची तेव्हा गंगूबाई कुठे वरच्या षड्जाच्या जवळ आलेल्या असायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मंद्रातून, म्हणजे खालच्या सप्तकातून, सुरुवात. जवळजवळ दोन महिने मी त्या रागाचा फक्त पूर्वार्ध ऐकला!

पुढे ढकलायचं म्हटलं तर फॉरवर्डचं बटण तांदळाच्या दाण्याएवढं. ते दाबून धरायचं आणि आकडे पळताना बघत राहायचं. बावीस मिनिटं गाठायला दीड मिनिट लागतं. लेडीज डब्यात सहा-पंचविसाच्या गर्दीत एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातानं हे. धक्का लागून बोट सुटलं की पुढच्याच फाइलवर उडी. दुसऱ्या महिन्यात मी हा प्लेअर परत करायचं ठरवलं होतं, पण परत करायची मुदत सात दिवसांची, ती केव्हाच संपली होती. तेव्हा हे लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

मत बदललं ते तिसऱ्या महिन्यात. प्लेअर कॉम्प्युटरला जोडला की त्यात तयार फोल्डर दिसतात, त्यात एक ऑडिओबुक्स नावाचा. मी तो कधी उघडला नव्हता, पुस्तकं ऐकायचीच नव्हती. एका रविवारी सहज तोडीची फाइल त्यात टाकून पाहिली. अर्ध्यात बंद केला, परत चालू केला, तर ‘इथून पुढे की पहिल्यापासून’ असं विचारलं! पुस्तक कुणी एका बैठकीत ऐकत नाही, म्हणून बनवणाऱ्यांनी ही सोय फक्त त्या फोल्डरला दिली आहे. आणि प्रत्येक फाइलची खूण वेगळी राहते. म्हणजे तोडी सकाळच्या जागेवर, शुद्ध कल्याण संध्याकाळच्या. मला हवं होतं ते सगळं यात पहिल्या दिवसापासून होतं. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही. पंचेचाळीस मिनिटांचा ख्यालही पुस्तकासारखाच ऐकावा लागतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं. मी त्याच रात्री अडुसष्टच्या अडुसष्ट फाइली तिकडे हलवल्या.

आणि मग मंगळवारी संध्याकाळी, मुंब्रा सोडल्यावर, मी पहिल्यांदा शुद्ध कल्याणच्या तेहतिसाव्या मिनिटाला पोचले. एका तानेनंतर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, अण्णांचा आवाज आला, अगदी हळू, ‘वा!’ ही त्या रेडिओसमोर रेकॉर्डर ठेवून भरलेल्या कॅसेटींपैकी. उतरवताना मी कुकर लावत होते, त्यामुळे ऐकलंच नव्हतं. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. दिव्याला माझ्यासमोरची बाई उठली आणि तिनं मला न विचारता खिडकीची जागा दिली.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. देवनागरी नावं पडद्यावर चौकोन-चौकोन दिसतात, सगळी नावं रोमनमध्ये टंकावी लागली. फाइली नावाच्या क्रमानं लागत नाहीत, कार्डावर ज्या क्रमानं कॉपी केल्या त्या क्रमानं लागतात, त्यामुळे ‘अ’ बाजू आधी टाका, ‘ब’ नंतर. कार्ड ३२ जीबीपेक्षा मोठं घेतलंत तर ते एक्सफॅटमध्ये (कार्डावर फाइली मांडायची एक पद्धत) येतं आणि माझ्यासारख्या साध्या प्लेअरला ते वाचता येईलच असं नाही, फॅट-३२ लागतं. सोबत मिळालेले इअरफोन लगेच बदला. आवाज स्वच्छ आहे, तंबोरा नीट ऐकू येतो, याहून मला जास्त कळत नाही.

आता बॅटरी. पूर्ण चार्ज झाल्यावर चौदा तास चालायची, दहाव्या महिन्यात पाचवर आली, मग फुगली. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवायची माझी सवय आणि उन्हाळ्यातली उकाड्याची खोली, दोन्ही अशा लिथियम बॅटरीला वाईट, हे मला नंतर कळलं. तेवढी चूक माझी. पण सेवाकेंद्रात आतली पांढरी पट्टी लाल झाली आहे, म्हणजे पाणी गेलंय, वॉरंटी नाही, असं सांगितलं. पाण्यात कधी पडलाच नव्हता. दुसऱ्या खेपेला तेच उत्तर दुसऱ्या माणसानं दिलं. तिसऱ्या खेपेला म्हणाले, बॅटरी सुटी मिळत नाही, पूर्ण संच बदलावा लागेल, १,६५० रुपये. २,१९० च्या वस्तूला १,६५०! वर हेही सांगितलं की ऑडिओबुक्समधल्या खुणा जातील. मी प्लेअर उचलला आणि बाहेर पडले.

दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी प्लेअर हातात घेताच आधी मला दटावलं, फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. झाकण उघडून बॅटरीवरचा आकडा दाखवला : ४०२०३०. पहिले दोन आकडे जाडीचे, ४० म्हणजे ४.० मिलिमीटर. मग रुंदी २०, लांबी ३०. एवढं माप जुळलं आणि व्होल्टेज तेच असलं की झालं. लाल आणि काळी, दोन तारा सोडवून नव्या बॅटरीच्या जोडल्या, मीटर लावून पाहिलं. वीस मिनिटं. बॅटरीचे १८०, मजुरीचे २००. ज्या सेवाकेंद्राला ही बॅटरी ‘मिळत नाही’, तिथून तासाभराच्या अंतरावर ती डबाभर पडली होती.

घड्याळ पुसलं गेलं होतं, तारीख भलतीच दाखवत होता. खुणाही गेल्या असणार असं धरूनच मी शुद्ध कल्याण लावला. ‘इथून पुढे की पहिल्यापासून’ आलं, आणि खाली २७ मिनिटं ४० सेकंद. पडद्यापुढे मी तिथेच दुकानात उभी राहिले. काका म्हणाले, ताई, ते बॅटरीत नसतं, चिपमध्ये असतं.

आता तीन तारे देते. एक सेवाकेंद्रामुळे कापला, एक त्या माहितीपत्रकात न लिहिलेल्या ओळीमुळे. कुणी लांब रेकॉर्डिंगांसाठी असा प्लेअर घेणार असाल, मग तो कुठलाही असो, तर दुकानातच एक मोठी फाइल लावा, वीस मिनिटं पुढे न्या, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि परत चालू करा. दुकानदार घाई करेल, करू द्या.