डबल बेल दिली तरी गाडी हलेना

या फिजिओथेरपी सेंटरला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढं सांगतो.

मी एसटीतला रिटायर कंडक्टर, वय 61. सकाळी पाऊण तास संडासात, आणि उठलो तरी पोट साफ झालंय असं वाटायचं नाही. इसबगोल, त्रिफळा, एरंडेल, सगळं करून झालं. मळ मऊ व्हायचा, पण दाराशी येऊन अडायचा. कधी कधी बोट घालावं लागायचं. हे सांगणार कुणाला?

पोटाच्या डॉक्टरांनी मॅनोमेट्री करायला लावली. आत बारीक नळी घालून दाब मोजतात. मग 50 मिली पाण्याचा फुगा आत ठेवून कमोडवर बसवतात. साधारण मिनिटभरात तो पडायला हवा. माझा पाच मिनिटं जागचा हलला नाही. मग चिठ्ठी मिळाली या फिजिओथेरपी सेंटरची. पोट साफ व्हायला फिजिओथेरपी? मला तर थट्टाच वाटली.

मॅडमनी हाडामासाचं चित्र काढून दाखवलं. गुदाशयाला मागून गोफणीसारखा वेढा घालणारा एक स्नायू असतो. जोर लावताना तो सैल पडायला हवा, माझा उलटा आवळायचा. म्हटलं, म्हणजे मी डबल बेल देतोय आणि ड्रायव्हर ब्रेक दाबतोय! तेव्हापासून त्या "काका, डबल बेल" असंच म्हणायच्या.

यूट्यूबवर बघून मी कीगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, करत होतो. ते पहिल्याच दिवशी बंद. आधीच आवळलेल्याला आणखी काय आवळता, म्हणाल्या.

उपचार म्हणजे बायोफीडबॅक. बोटाएवढा सेन्सर आत, समोर स्क्रीनवर स्नायू किती आवळलाय ते दाखवणारी रेघ. कुंथताना रेघ खाली यायला हवी, माझी वर पळायची. श्वास न कोंडता पोट फुगवून हलका जोर लावायचा, एवढंच शिकायचं, पण घाम फुटला. तिसऱ्या खेपेला रेघ खाली उतरली. लाज वाटायची, पण अंगावर चादर असते, आणि बायकोला आत बसू दिलं.

घरी कमोडपुढं पायाखाली पाट घ्यायला सांगितला. बायकोनं पूजेचा पाट द्यायला साफ नकार दिला, म्हणून 150 रुपयांचं प्लास्टिकचं स्टूल आणलं.

आठवड्याला एक अशी सहा सेशन झाली, प्रत्येकी 900 रुपये. आता दहा मिनिटांत बाहेर येतो. एखादा दिवस खाडा पडतो, पण बोटाची गरज नाही.

तारा कापला तो काउंटरवरच्या पोरीमुळं. भरल्या हॉलमध्ये ओरडली, "संडासवाले काका कोण?" चौघं उठलो.

जाताना नाडीची पँट घाला.