रोझवूड म्हणून रंगवलेला शिसू माथी मारला, ३५,४५० रुपये गेले

हाताने गिटार बनवणाऱ्यांनी आणि बनवायला शिकणाऱ्यांनी हे वाचाच. अ‍ॅडव्हान्स घेऊन गायब होणारे लोक कसे असतात ते सगळ्यांना माहितीये, मलाही माहिती होतं. पण मला गिटारचं लाकूड विकणारा हा माणूस फोन उचलत होता, लाकूडही आलं, आणि तरी मी बुडालो.

आकडे सांगतो. गिटारच्या बॅक आणि साइड्सचे (मागच्या आणि कडेच्या फळ्या) ४ सेट, ६,५०० ला एक, म्हणजे २६,०००. फ्रेटबोर्डच्या (जिथे बोटं दाबतात ती पट्टी) ४ पट्ट्या १,२०० प्रमाणे ४,८००. वन खात्याच्या वाहतूक परवान्याचे म्हणून २,८००, ट्रान्सपोर्ट १,८५०. १५,००० आधी आणि २०,४५० माल निघताना, सगळे यूपीआयने. बिल "मालासोबत येईल" म्हणाला, आलं नाही. बिलाशिवाय एक रुपया सोडू नका.

गिटारवाले ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात ती आपली शिसवी, शास्त्रीय नाव डलबर्जिया लॅटिफोलिया. उत्तरेकडचा शीशम म्हणजे शिसू, डलबर्जिया सिसू, फर्निचरवाला. दोन्ही एकाच कुळातले, बाजारात दोघांनाही बिनधास्त रोझवूड म्हणतात आणि चोर नेमका इथेच घुसतो. शिसूची गिटार वाईट होते असं नाही, पण मग ती शिसू म्हणून शिसूच्या भावात द्या ना! ऑर्डर देताना लॅटिफोलिया हे नाव लिहूनच घ्या, नुसतं रोझवूड नको.

आता जिथे मला कळायला हवं होतं ते. दुसऱ्याच फोनवर तो म्हणाला, "ब्राझिलियनचा पण एक जुना सेट आहे, ९,००० ला देतो." ब्राझिलियन रोझवूड, म्हणजे डलबर्जिया नायग्रा, १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मिळ झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये आहे, त्याचा व्यापार जवळजवळ बंद आहे, जुन्या सेटला जगभरात लोक वाट्टेल ते पैसे मोजतात, आणि हा ९,००० ला देतोय! मला हे सगळं पाठ होतं. तरी मी तिथेच फोन ठेवला नाही, हे आठवलं की अजून डोकं फिरतं. तेव्हा वाटलं, लाकडाचा व्यापारी आहे, कुठल्याही जुन्या काळ्या लाकडाला ब्राझिलियन म्हणत असेल, बिचाऱ्याला माहिती नसेल. आणि बाकीचं तो बरोबर बोलत होता हो. २०१७ च्या जानेवारीपासून बाकीची सगळी डलबर्जिया परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे परवान्यानेच व्यापार होणाऱ्या यादीत, आली हे खरंच आहे, त्यावरून "पुढे माल मिळणार नाही" अशी घाई त्याने लावली. फळ्यांच्या टोकांचा फोटो मागितला तर म्हणाला चिरा जाऊ नयेत म्हणून मेणात बुडवलीत. तेही बरोबरच, चांगले लोक तसंच करतात. मग मी काय बोलणार? बोलायला हवं होतं की एक इंच मेण खरवड आणि व्हिडिओ कर.

माल आल्यावर १९ दिवस वर्कशॉपमध्ये तसाच ठेवला, लाकूड जागेच्या हवेला रुळू द्यावं लागतं. "१० वर्षं सीझन केलेलं" लाकूड मॉइश्चर मीटरवर १७ टक्के ओलावा दाखवत होतं, म्हणजे पुरतं वाळलेलं नव्हतं, तेही पावसाळी हवेवर ढकललं. विसाव्या दिवशी रंधा मारला. पहिलाच छिलका हातात आला तो एका बाजूने जांभळट काळा आणि दुसऱ्या बाजूने मधासारखा पिवळा. शिसवीला रंधा लागला की गोडसर वास सुटतो, इथे बूट पॉलिशचा वास. चारही सेट तसेच. येईल त्या दिवशीच एका कोपऱ्यात स्क्रेपर मारा, मागून बघू म्हणू नका.

त्याला फोन केला तर म्हणे, "शीशमलाच रोझवूड म्हणतात, सर्च करा." मग ब्लॉक.

पोलीस स्टेशनला तीन चकरा. "लाकूड मागवलं, लाकूड आलं, यात फसवणूक कुठे? सिव्हिल मॅटर आहे." मी छिलका टेबलावर ठेवला, साहेबांनी तो बाजूला सारून चहाचा कप ठेवला. १९ दिवस काय करत होतात हे मात्र तिन्ही वेळा विचारलं. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. ग्राहक तक्रारीसाठी बिल आणा, आणि बिलच तर नाही! वन खात्याच्या ऑफिसात परवान्याचा फोटो दाखवला, त्यावरची तारीख खोडलेली, तर तो कोणी दिला हे विचारायचं सोडून मलाच विचारतात, लाकूड तुमच्याकडे आहे तर मूळ परवाना कुठाय? म्हणजे पैसे माझे गेले, माल खोटा, आणि गुन्हेगार पण मीच? चार ठिकाणी गेलो, चौघांनी पाचव्याकडे बोट दाखवलं. एकानेही त्याचा नंबर लावून बघितला नाही.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी उशीर केला.

आता तो नव्या नावाने परत विकतोय. फोटो तोच: निळ्या ताडपत्रीवर चार सेट, उजव्या कोपऱ्यातल्या फळीवर पांढऱ्या खडूने ७ लिहिलेला. तो ७ दिसला की पैसे पाठवू नका.