निदानाचा रकाना अजून रिकामाच, तरी साडेतीन तारे

मुलीला दाखवतो त्या क्लिनिकाला पाचातला दीड तारा कुठे कापला ते सांगते, पण आधी त्यांच्या औषधांच्या वहीबद्दल.

लेक नऊ वर्षांची. चौदा महिने झाले, दर तीन-चार आठवड्यांनी ताप येतो, गुडघे धरतात, पोटात कळा येतात आणि आठवडाभरात सगळं आपोआप ओसरतं. ईएसआर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) कधी वाढलेले, कधी नॉर्मल. जनुकीय चाचणीतूनही काही हाती लागलं नाही. बालरोगतज्ज्ञ, वैद्य आणि समुपदेशक एकाच ठिकाणी भेटतात म्हणून या क्लिनिकात गेलो.

पहिल्या भेटीला घरातली झाडून सगळी औषधं आणायला सांगितली होती. मी पिशवी टेबलावर रिकामी केली. नर्सताई एकेक डबी उजेडाकडे धरून वहीत उतरवत होत्या: घटक, मात्रा, कुणी दिलं, कधीपासून. एका डबीपाशी थांबल्या.

"ही कुणाची?"

"तिचीच. केस गळत होते म्हणून मीच आणली."

पाच मिलिग्रॅम बायोटिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व. या वयाला दिवसाला 20 मायक्रोग्रॅम पुरतं. मी अडीचशे पट देत होते. आणि फायलीत सगळ्यात वरचा कागद थायरॉइड जास्त काम करत असल्याचा होता. डॉक्टरांनी समजावलं की थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांच्या रसायनातच बायोटिन असतं, रक्तात ते भरमसाट असलं की टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) खोटं कमी आणि टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 2017 मध्ये तसा इशाराही दिला होता. गोळी आठवडाभर बंद केली, पुन्हा रक्त दिलं. थायरॉइड ठणठणीत! त्या कागदापायी मी किती रात्री जागून काढल्या होत्या.

दुसरी गोष्ट आवडली ती त्यांची अट. एका वेळी एकच बदल, आणि तापाच्या तीन फेऱ्या होईतो दुसरा नाही. तिचं दुखणं स्वतःहूनच ओसरतं, त्यामुळे ओसरताना जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. आमच्या घरी आजवर सहा औषधांनी "गुण" दिलाय.

पोटदुखीसाठी समुपदेशकांनी संमोहनाची सत्रं घेतली. मुलांच्या कारण न सापडणाऱ्या पोटदुखीवर याचे चांगले अभ्यास झालेत म्हणे, मी साशंकच होते. आता कळ आली की ती डोळे मिटून "मूठ सोडते" आणि मला खोलीबाहेर जायला सांगते. कळा येतातच, पण शाळा कमी बुडते.

आता दीड तारा. तिथल्याच वैद्यांनी एक चूर्ण दिलं आणि घटक विचारले तर "आमचा खास योग आहे". वहीत रकाना कोरा. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, शिसं-पारा असेल किंवा स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर? स्टेरॉइडने ताप दबेल आणि मूळ दुखणं शोधणं आणखी अवघड होईल. बरं, दोघांच्या खोल्या शेजारी-शेजारी, तरी निरोप्यासारखी फिरले मीच. अंगावर पुरळ उठलं तेव्हा वैद्यांकडून उत्तर मिळालं, "रोग बाहेर पडतोय." मी चूर्ण त्याच दिवशी बंद केलं, दोन दिवसांत पुरळ गेलं. कशाने गेलं, देव जाणे.

जाणार असाल तर डब्यांवरची लेबलं राहू द्या. मी तेलाची बाटली घासूनपुसून नेली होती. वहीत तिच्यापुढे नुसतं "पिवळं तेल" लिहिलंय.