अ‍ॅनोड स्थिर की फिरता? छोट्या दवाखान्यासाठी एक्स-रे मशीन निवडताना

तालुक्याच्या गावी हाडांचा दवाखाना काढायचा म्हटलं की एक्स-रे मशीनची कोटेशनं साधारण दोन प्रकारची येतात. एक, ६० एमएचं (मिलिअँपिअर, म्हणजे ट्यूबमधला विद्युतप्रवाह) चाकांवरचं मशीन. दुसरं, ३०० किंवा ५०० एमएचं, बकी टेबल (खाली प्लेट ठेवायची सोय असलेलं) आणि छातीच्या स्टँडसह खोलीत बसवायचं मशीन. किमतीत मोठी तफावत असते आणि विक्रेता बोलतो ते एमएच्या आकड्यांवर. खरा फरक ट्यूबच्या आत आहे. पहिल्यात अ‍ॅनोड (इलेक्ट्रॉन ज्यावर आदळतात तो भाग) जागच्या जागी बसवलेला असतो, दुसऱ्यात तो फिरतो. मशीन त्यावरून निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

किरण तयार होण्याची रीत दोन्हींत एकच. हवा काढून टाकलेल्या नळीत एका टोकाला टंगस्टनची बारीक फिलामेंट असते. ती तापली की इलेक्ट्रॉन सुटतात. ही रचना विल्यम कूलिज यांनी १९१३ साली आणली. त्याआधीच्या, म्हणजे १८९५ मध्ये राँटगेन यांनी वापरली त्या धर्तीच्या नळ्या आत उरलेल्या वायूवर चालत, त्यामुळे किरणांची तीव्रता हातात राहत नसे. फिलामेंट जास्त तापवली की जास्त इलेक्ट्रॉन, तोच एमए. समोरच्या अ‍ॅनोडपर्यंत ते किती जोरात खेचायचे, ते केव्ही (किलोव्होल्टमधला विद्युतदाब) ठरवतो. टंगस्टनच्या अणुकेंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉन वळतो, मंदावतो, आणि गमावलेली ऊर्जा एक्स-रे होऊन बाहेर पडते. केव्ही ६९.५ च्या वर गेला तर काही इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या सर्वांत आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि ती जागा भरताना ठरावीक ऊर्जेचे किरण निघतात. किरण चहूकडे सुटतात, पण ट्यूबभोवतीच्या आवरणातलं शिसं ते अडवतं. एका खिडकीतून अ‍ॅल्युमिनियममधून गाळून जे बाहेर येतात, तोच आपला झोत.

या सगळ्यात किरणांच्या वाट्याला ऊर्जेचा जेमतेम १ टक्का येतो. उरलेली ९९ टक्के अ‍ॅनोडवर उष्णता होते, आणि ती काढायची कशी यावरच दोन ट्यूब वेगळ्या होतात.

स्थिर अ‍ॅनोडमध्ये टंगस्टनची छोटी चकती तांब्याच्या ठोकळ्यात बसवलेली असते. टंगस्टन ३४०० अंशांच्या वर वितळतं म्हणून मार खायला ते, आणि उष्णता मागच्या तेलाकडे वाहून न्यायला तांबं. पण इलेक्ट्रॉन दर वेळी त्याच ठिपक्यावर पडतात, त्यामुळे एमए वाढवायला मर्यादा येते.

फिरत्या अ‍ॅनोडमध्ये तिरप्या कडेची तबकडी असते. कडेचा कोन १५ अंश धरा. पेशंटच्या बाजूने १ मिमी दिसणारा फोकल स्पॉट, म्हणजे इलेक्ट्रॉन पडतात तो ठिपका, प्रत्यक्षात साधारण १ बाय ४ मिमीचा असतो, म्हणजे ४ चौरस मिमी. तबकडी फिरली की तोच मारा ३५ मिमी त्रिज्येच्या पट्ट्यावर पसरतो. हिशेब केला तर साधारण ८८० चौरस मिमी, दोनशेपटीहून जास्त जागा. तबकडी फिरवणारी मोटरही बघण्यासारखी असते. तिची वायंडिंग काचेच्या बाहेर, रोटर आत निर्वातात, आणि मधून एकही तार जात नाही.

आता पेशंटकडे या. कमरेच्या मणक्याचा लॅटरल (बाजूने) एक्स-रे घ्यायचा आहे, ८० केव्ही आणि ६० एमएएस (एमए गुणिले सेकंद) लागणार. ३०० एमएवर एक्सपोजर ०.२ सेकंदाचं होतं. ६० एमएच्या मशीनवर ते १ सेकंदाचं व्हायला हवं, पण ६० हा आकडा बहुधा कमी केव्हीवरचा असतो. केव्ही चढवला की एमए उतरतो. तो ४० वर आला की दीड सेकंद. दुखण्याने कण्हणारी आजी दीड सेकंद निश्चल पडून राहत नाही. छातीच्या फिल्मला १० एमएएस पुरतात, तरी ६० एमएवर सेकंदाचा सहावा भाग जातो आणि हृदयाची कडा पुसट येते.

दुसरी गोष्ट धार. लॅटरलमध्ये मणका प्रतिमा टिपणाऱ्या प्लेटपासून २० सेंमी लांब राहतो. ट्यूब ते प्लेट १०० सेंमी असेल तर फोकल स्पॉटच्या चौथ्या भागाइतकी कडा पसरते. २ मिमीच्या फोकल स्पॉटवर, म्हणजे फोकसवर, अर्धा मिमी, १.२ मिमीच्या फोकसवर ०.३ मिमी. हात प्लेटला टेकलेला असतो, त्यामुळे तिथे २ मिमीचा फोकसही चालून जातो. म्हणून मनगट, पाऊल, घोटा आणि प्लास्टरनंतरची तपासणी एवढंच काम असेल तर स्थिर अ‍ॅनोड पुरेसा आहे. त्यावर जास्त पैसे घालू नका.

‘डीआर प्लेट घ्या, मग छोटं मशीनही चालतं,’ असं हल्ली सांगितलं जातं. डीआर म्हणजे फिल्मऐवजी थेट डिजिटल प्रतिमा देणारी प्लेट. अर्धं खरं आहे. प्लेट संवेदनशील असली की एमएएस कमी लागतो, हलल्याने येणारा पुसटपणा घटतो. पण मोठ्या फोकसने गेलेली धार कोणतीही प्लेट परत आणत नाही. उलट बाजूही बघा. ३०० एमएच्या मशीनमध्ये १ आणि २ मिमी अशा दोन फोकसची ट्यूब घालून दिली, तर मोठ्या फोकसवर वेळ वाचतो, धार वाढत नाही. ०.६ आणि १.२ मिमीची मागा.

फिरत्या अ‍ॅनोडची किंमत विजेतही मोजावी लागते. ८० केव्ही गुणिले ३०० एमए म्हणजे क्षणभर २४ किलोवॅट, २३० व्होल्टवर शंभर अँपिअरच्या घरात. लाइन कमजोर असेल तर व्होल्टेज बसतं आणि फिल्म फिकी येते. तेव्हा आधी इलेक्ट्रिशियन, मग ऑर्डर. ६० एमएचं मशीन १५ अँपिअरच्या प्लगवर चालतं, वॉर्डातही नेता येतं.

देखभालीत स्थिर ट्यूब साधी, मात्र लागोपाठ एक्सपोजर दिली तर तिला विसावा हवा. फिरत्या ट्यूबचा शत्रू म्हणजे अर्धवट दाबून धरलेला हँडस्विच. पहिल्या टप्प्याला रोटर वेग घेतो आणि फिलामेंट पूर्ण तापते. टेक्निशियन बटण तसंच धरून ‘श्वास रोखा, हलू नका’ म्हणत बसला तर टंगस्टन उडून काचेवर बसतं. बेअरिंगही झिजतात, कारण निर्वातात ग्रीस चालत नाही, चांदी किंवा शिशाच्या मुलाम्यावर भागवावं लागतं. आधी पोझिशन, आधी सूचना, बटण शेवटी, हे पहिल्या दिवसापासून शिकवा.

छाती, मणका, खुबा हे रोजचं काम असेल, तर टेबल साधं घ्या पण ट्यूब फिरतीच घ्या. दोन्ही मशीनना एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) टाइप अ‍ॅप्रूव्हल आणि ई-लोरा या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवरचा परवाना लागतो. चाकांवरचं मशीन रोज एकाच खोलीत वापरणार असाल तर त्या खोलीलाही भिंतीची जाडी, शिशाचं दार आणि टेक्निशियनसाठी आडोसा हवाच. आणि कोटेशनवर नुसतं ‘इम्पोर्टेड ट्यूब’ असेल तर ते परत पाठवा. ट्यूबचं मॉडेल, दोन्ही फोकल स्पॉट, अ‍ॅनोडची उष्णता साठवण्याची क्षमता आणि ८० केव्हीला मिळणारा जास्तीत जास्त एमए लेखी आल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका.