मायनर थ्रेट की फुगाझी: आधी कोणाला ऐकावं?

दोन्ही पंक बँड वॉशिंग्टन डीसीचे, दोन्हींत गायक इयान मॅकाय, दोन्हींच्या रेकॉर्ड त्यानेच जेफ नेल्सनबरोबर उभ्या केलेल्या ‘डिस्कॉर्ड’ या स्वतंत्र लेबलच्या. तरी ऐकण्याचा अनुभव अगदी वेगळा.

मायनर थ्रेट (१९८०–८३) म्हणजे सुसाट वेग. ज्या गाण्यातून दारू-ड्रग्ज नाकारणाऱ्या ‘स्ट्रेट एज’ चळवळीला नाव मिळालं, ते जेमतेम ४६ सेकंदांचं! श्वास घेईपर्यंत संपतं.

फुगाझी १९८७ मध्ये मंचावर आला, आणि मला तोच जास्त जवळचा. संताप तोच, पण दाबून धरलेला. जो लॅलीचा बास आणि ब्रेंडन कँटीचे ड्रम्स पाया घालतात, मॅकाय आणि गाय पिचोटो यांच्या गिटार एकमेकींना उत्तरं देतात. मध्येच शांतता पसरते आणि मग सगळं एकदम उसळतं. वागणंही तितकंच ठाम होतं: तिकीट बहुतेकदा फक्त ५ डॉलर, प्रवेश सर्व वयांना, आणि गर्दीत कोणी धक्काबुक्की करू लागलं की गाणं थांबवून त्याला समज, प्रसंगी पैसे परत देऊन बाहेरचा रस्ता. किती बँड एवढी काळजी घेतात?

अंगात वीज हवी असेल तर मायनर थ्रेट. निवांत बसून ऐकायचं असेल, तर फुगाझीचा १९९० चा ‘रिपीटर’ हा अल्बम लावा.