घरी बदललेली इग्निशन कॉइल: आठ महिने, नऊ हजार किलोमीटर आणि एक तुटलेलं लॉक

जानेवारीत गाडीची तीन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी, या गाडीत दर सिलिंडरला एक) मी घरीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलली. आता सप्टेंबर संपत आलाय. मध्ये जूनमध्ये खंबाटकी घाटात जे झालं, त्याने या कामाबद्दलचं माझं मत पार उलटलं आणि दोनच दिवसांत पुन्हा जागेवर आलं. तेव्हाच लिहायला बसलो होतो, पण पावसाळा काढू दे म्हटलं, मग बोलू.

गाडी १.२ लीटर पेट्रोल, चार सिलिंडर, नऊ वर्षं जुनी, त्या वेळी ९६ हजार किलोमीटर झालेली. डिसेंबरात सकाळी स्टार्ट केली की थरथरायची, चढाला धक्के खायची. मायलेज १७ वरून १३ वर आलं आणि चेक इंजिन लाइट लागला. सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट हातात ठेवलं: चार कॉइल, चार प्लग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, लेबर, एकूण १३,४०० रुपये. चारांपैकी गेलीये कुठली, असं विचारलं तर म्हणे, "चारही बदलून टाका, टेन्शनच नको." खराब कुठली हे न शोधता चार विकायच्या, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. गाडी तशीच घरी आणली.

६५० रुपयांचा ओबीडी डोंगल घेतला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं छोटं यंत्र. कोड आला पी-०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, गॅरेजच्या भाषेत मिसिंग: तिथलं पेट्रोल नीट जळत नाहीये. पण तेवढ्यावर कॉइलला दोषी धरता येत नाही. प्लग असू शकतो, इंजेक्टर असू शकतो. म्हणून तीनची कॉइल एकवर लावली आणि एकची तीनवर. कोड पुसून गाडी सिंहगड रोडला फिरवून आणली. आता कोड पी-०३०१. मिसिंग कॉइलच्या मागे मागे गेलं, म्हणजे खराबी कॉइलमध्येच. वीस मिनिटांचं, बिनखर्चाचं काम. ते केल्याशिवाय कुणीही पैसे देऊ नका.

नाना पेठेत ९०० रुपयांची साधी कॉइल मिळाली. चार प्लग ५२० ला, प्लगचा सॉकेट ३५० ला. डोंगल धरून २,४२० रुपये.

बदलणं खरंच सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, कॉइलला वायर जोडणारा प्लॅस्टिकचा कपलर काढायचा, दहाच्या पान्याचा एक बोल्ट, मग कॉइल थोडी फिरवून सरळ वर ओढायची. प्लग ज्या खोल खड्ड्यात बसतो त्या विहिरीत, प्लग काढण्याआधी हवा मारा, नाहीतर तिथली माती थेट सिलिंडरमध्ये जाते. इंजिन पूर्ण थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग ओढला तर आटे जातात. नवा प्लग सुरुवातीला पान्याने नाही, बोटांनी बसवा. रबरी नळीच्या तुकड्यात प्लग अडकवून फिरवला तर उत्तम. आटा चुकला तर नळीच घसरते, हेडचं नुकसान होत नाही.

आता लॉकबद्दल. सगळं लिहितोय ते त्याच्यासाठीच.

कॉइलच्या कपलरवर करंगळीच्या नखाएवढी प्लॅस्टिकची जीभ असते. तीच लॉक. नऊ वर्षं इंजिनच्या डोक्यावर भाजून ती पापडासारखी झालेली असते. मी तिला स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला गेलो आणि कट्‌कन आवाज होऊन ती प्लग-विहिरीच्या कडेला जाऊन पडली. नशीब, आत गेली नाही. कपलर परत दाबून बसवला, हाताला घट्ट लागला, गाडी लोण्यासारखी चालायला लागली. मायलेज साडेसतरा. विषय संपला असं मी धरलं.

जूनमध्ये साताऱ्याला निघालो. सोबत बायको आणि आई. खंबाटकी चढताना पाऊस सुरू, दुसरा गिअर, मागे ट्रक, आणि अचानक गाडीचा पिकअपच गेला. चेक इंजिन लाइट नुसता लागला नव्हता, लुकलुकत होता. तो असा लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जात असतं आणि तो जळू शकतो. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, बदलायची वेळ आली तर बिल कॉइलच्या कितीतरी पट. एसी बंद केला, ॲक्सिलरेटर हलका ठेवला आणि जीव मुठीत धरून घाट चढवला. आई पूर्ण वेळ गप्प होती. तिचं ते गप्प राहणं मला लाइटपेक्षा जास्त टोचलं.

साताऱ्यात पोचल्यावर पहिला राग कॉइलवर. ९०० रुपयांची ती, पहिल्याच पावसात दगा देणारच, असं डोक्यात बसलं. तिथेच २,२५० रुपयांची ओरिजिनल घेतली, मेहुण्याच्या अंगणात बसवली. मिसिंग गायब. रात्री त्या स्वस्त कॉइलला एक स्टार देऊन चार कडक ओळी लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन येताना तेच धक्के. नव्या ओरिजिनल कॉइलवर. मग गावातल्या एका जुन्या वायरमनकडे गेलो. गाडी चालू ठेवून त्यांनी तीन नंबरचा कपलर दोन बोटांत धरला आणि किंचित आत दाबला. इंजिनचा आवाज लगेच एकसारखा झाला. सोडला, पुन्हा थरथर. "सायेब, कॉइल चांगली हाय. लॉक कुठाय ह्याचं?"

लॉक पाच महिन्यांपूर्वी मी तोडलं होतं. धक्क्याधक्क्याने कपलर मागे सरकत गेला होता. नवी कॉइल लावताना मी तो पुन्हा दाबला, म्हणून एक दिवस गाडी बरी चालली. श्रेय कॉइलला गेलं.

आणि कोड मला आधीच सांगत होता. घाटातून आल्यावर डोंगलवर पी-०३५३ आला होता. मी "तीन" एवढंच पाहिलं. ३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये नीट जळत नाहीये, कारण काहीही असो. ३५३ म्हणजे तिसऱ्या कॉइलच्या सर्किटमध्येच गडबड: वायर, पिन, कपलर किंवा कॉइल. ३५३ दिसला तर पैसे खर्च करण्याआधी कपलर हलवून बघा. हा एक आकडा नीट वाचला असता तर २,२५० वाचले असते.

वायरमनकाकांनी वायरसकट नवा कपलर लावला, झाळून, वरून स्लीव्ह चढवून. सगळं धरून १८० रुपये. बसवताना "टिक" असा आवाज आला. ते म्हणाले, हा आवाज आला नाही तर बॉनेट लावू नका. ३,००० आरपीएमला एक प्लग सेकंदाला २५ वेळा ठिणगी टाकतो. बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करण्याचं काम कॉइल तितक्या वेळा करते, आणि ते सगळं त्या नखाएवढ्या जिभेच्या भरवशावर.

बाबांच्या कुर्ल्यात बनलेल्या फियाटला अख्ख्या गाडीत एकच कॉइल होती. तिची वीज चारही प्लगना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण ते पावसाळ्यात पुसायचे, त्यातले सीबी पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्क, घासायचे. तिथे बिघाड डोळ्यांना दिसायचा. इथे सगळं झाकलेलं आहे, म्हणून कोड वाचायला शिकणं भाग आहे.

परत आल्यावर ९०० ची कॉइल मी पुन्हा तीन नंबरवर लावली आणि तिचा एक स्टार काढून चार केले. तिच्यावर अन्याय झाला होता. एक स्टार राखून ठेवलाय, कारण तिचं रबरी बूट ओरिजिनलपेक्षा पातळ आहे आणि ते किती वर्षं टिकेल हे बघायचंय. ओरिजिनल कापडात गुंडाळून डिकीत. पूर्ण पावसाळा, खंबाटकी आणखी तीन वेळा, वरंधा एकदा. एकही कोड नाही. एकूण खर्च ४,८५०.

लॉक न तोडता काढायची रीत सांगतो, काकांनी हाताला धरून शिकवलेली. इंजिन कोमट असताना कपलर काढा, प्लॅस्टिक थोडं नरम असतं. आधी कपलर ओढू नका, उलट कॉइलकडे आत दाबा. लॉकवरचा ताण जातो. मग जीभ अंगठ्याने दाबून धरा आणि कपलरचं अंग पकडून मागे घ्या. वायर ओढायची नाही, स्क्रू ड्रायव्हर जवळही आणायचा नाही. चारही निघाले की चहा घेऊन या, इंजिन गार होऊ द्या, मग प्लगला हात लावा.

गेल्या रविवारी याच रीतीने चारही काढून पाहिले. दोन नंबरच्या जिभेच्या मुळाशी पांढरी रेघ आलीये. नवा कपलर आणून ठेवलाय, दिवाळीला साताऱ्याला निघण्याआधी लावून टाकीन.